सिनॅप्सचं मोठं मॉडेल, नर्सिंग कॉलेजसाठी घेतलेलं: साडेतीन स्टार

सिनॅप्स म्हणजे चेतापेशी जिथे पुढच्या पेशीला निरोप देते तो जोड. आधी निकाल सांगून टाकते म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायची गरज नाही. अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवत असाल तर बिनधास्त घ्या, पैसे वसूल. नर्सिंग, फार्मसी, फिजिओ असं काही शिकवत असाल तरी घ्या, पण घेतल्यावर त्यात स्वतःच्या हाताने भर घालायची तयारी ठेवा, कारण एका पेशीचा निरोप दुसरीपर्यंत पोचतो कसा ते या मॉडेलात झकास दाखवलंय, पण पोचलेला निरोप बंद कसा होतो ते जवळपास नाहीच. आणि आमच्याकडे विदर्भात, जिथे फवारणीच्या दिवसांत कॅज्युअल्टीत विषबाधेचे पेशंट येतात हे कोणाला सांगायला नको, तिथे पोरींना नेमकं तेच समजणं जास्त गरजेचं असतं.

कंपनीचं नाव देत नाही, हाच साचा ऑनलाइन तीन-चार नावांनी विकला जातो, रंग तेवढे वेगळे. आम्हाला सगळं धरून चार हजारांच्या आत पडलं. शोरूमच्या इंपोर्टेड मॉडेलचा भाव ऐकून आमच्या प्रिन्सिपल मॅडमनी फक्त चष्मा काढला आणि परत घातला, म्हणजे काय ते समजा.

वस्तू अशी आहे: एमडीएफचा बेस, त्यावर साधारण फूटभर उंचीचं पीव्हीसीचं मॉडेल. वर पहिल्या चेतापेशीचं फुगीर टोक, पुढून कापून उघडं ठेवलेलं. आत दोन मायटोकॉन्ड्रिया आणि बऱ्याचशा व्हेसिकल, म्हणजे त्या केमिकल भरलेल्या गोल पिशव्या. खाली दुसऱ्या पेशीचा पडदा आणि त्याच्यावर रिसेप्टर, म्हणजे केमिकल येऊन जिथे बसतं त्या खुंट्या. व्हेसिकल मॅग्नेटवर बसतात, हाताने काढून सरकवता येतात, त्या उघडतात आणि आत लाल मणी आहेत ते खाली पडतात. रिसेप्टर खाचेत बसवलेले आहेत तेही उपसून काढता येतात. सोबत नंबर घातलेलं कार्ड आणि एक चार पानी पुस्तिका, इंग्रजीत.

पॅकिंगबद्दल फार बोलत नाही. खोकं दाबलेलं आलं, एका व्हेसिकलचं झाकण तुटलेलं होतं, विक्रेत्याला फोटो पाठवले तर म्हणे अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाहिजे. तो कोण काढतं. फेविक्विकने चिकटवलं, विषय संपला.

आता चांगलं काय ते. सगळ्यात भारी म्हणजे ते मणी. चार्टवर बाण काढून कितीही सांगा, पोरींच्या डोक्यात एकच बसलेलं असतं की नसेतून करंट जातो, वायरीसारखा, सलग. या मॉडेलात मधली फट डोळ्यांना दिसते आणि करंट तिथेच थांबतो हे कळतं. मग पुढे कोण जातं, तर मणी. टोकापर्यंत विजेचा झटका आला की कडेची कॅल्शियमची दारं उघडतात (मॉडेलात ही पिवळी बटणं आहेत, कार्डवर त्यांचा नंबरच नाही, आम्ही स्टिकर लावला), कॅल्शियम आत घुसतं, त्याच्यामुळे व्हेसिकल पडद्याला जाऊन चिकटते, फुटते आणि आतला माल फटीत सांडतो. हे सगळं एका मिलिसेकंदाच्या आसपास. एक व्हेसिकल उघडली की तिच्यातले सगळे मणी एकदमच पडतात, ही गोष्ट बनवणाऱ्याने मुद्दाम केली की नशिबाने झाली माहीत नाही, पण अगदी बरोबर आहे. बर्नार्ड काट्झने १९५० च्या दशकात बेडकाच्या स्नायूवर हेच दाखवलं की केमिकल ठरलेल्या मापातच सुटतं, एक माप, दोन मापं, पण अर्धं माप नाही. १९७० च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. खऱ्या व्हेसिकलमध्ये असिटाइलकोलीनचे, म्हणजे निरोप नेणाऱ्या त्या केमिकलचे, काही हजार रेणू असतात, इथे मणी बारा-पंधरा, ते चालायचंच.

पुस्तिकेतलं एक पान पण आवडलं. ऑटो लोवीचा १९२१ चा प्रयोग चित्रासकट दिलाय. ऑस्ट्रियात ग्राझला होता तो. दोन बेडकांची धडधडणारी हृदयं, पहिल्याची व्हेगस, म्हणजे हृदयाकडे येणारी नस चाळवली तर ते मंदावलं, मग त्याच्या भोवतीचं पाणी काढून दुसऱ्या हृदयावर टाकलं, ज्याला कोणी हातही लावला नव्हता, आणि तेही मंदावलं. म्हणजे नसेने पाण्यात काहीतरी सोडलंय, नुसता करंट नाही. ते काहीतरी म्हणजे असिटाइलकोलीन. १९३६ साली हेन्री डेलबरोबर नोबेल. प्रयोगाची कल्पना त्याला म्हणे रात्री झोपेत सुचली, लिहून ठेवली, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना, दुसऱ्या रात्री परत सुचल्यावर उठून थेट लॅब गाठली. हा किस्सा त्याने स्वतःच सांगितलेला आहे आणि आमच्या सेकंड इयरच्या पोरींना बाकी काही आठवो न आठवो हा बरोबर आठवतो.

आता मापं. ही मात्र चुकलीच आहेत. मॉडेलातली व्हेसिकल बोराएवढी आहे आणि फट चांगली दोन बोटं. खरं प्रमाण उलटं आहे हो. मेंदूतल्या साध्या सिनॅप्सची फट साधारण २० नॅनोमीटर आणि व्हेसिकल साधारण ४० नॅनोमीटर, म्हणजे पिशवी फटीच्या दुप्पट. नस आणि स्नायूच्या जोडावर फट थोडी रुंद असते, ५० च्या आसपास, पण तीही अशी खिंडीसारखी नाही. इतकी बारीक फट असते म्हणून तर केमिकल नुसतं पसरत पसरत सेकंदाच्या अगदी बारीक भागात पलीकडे पोचतं, त्याला कोणी ढकलावं लागत नाही. मॉडेल बघून पोरींना वाटतं मणी मोठा प्रवास करून जातात. हात घालायला जागा पाहिजे म्हणून फट वाढवली असणार, समजू शकते, पण निदान कार्डवर एक ओळ लिहायची होती.

दुसरी कुरबूर म्हणजे रिसेप्टर सगळे एकाच साच्यातले. मणी आला, खाचेत बसला, दार उघडलं, सोडियम आत. हे स्नायूवरच्या निकोटिनिक रिसेप्टरसाठी ठीक आहे, त्याला दोन असिटाइलकोलीन चिकटले की मधलं भोक उघडतं. पण हृदयावरचा मस्करिनिक रिसेप्टर असं काही करत नाही, तो स्वतः दार नाहीच, तो आतल्या प्रोटीनला हलवतो आणि मग ते पुढचं काम करतं, सावकाश. म्हणून तेच असिटाइलकोलीन दंडाचा स्नायू आवळतं आणि हृदयाला मंद करतं. हे एकदा कळलं ना की सध्या जो डोपामिन डोपामिन धिंगाणा चाललाय, रील बघितलं डोपामिन, वडापाव खाल्ला डोपामिन, त्यातली निम्मी हवा निघून जाते. केमिकल स्वतः आनंदी नसतं की दुःखी नसतं, ते कुठल्या पेशीवर कुठल्या रिसेप्टरला लागलं त्याच्यावर सगळं. तेच डोपामिन मेंदूच्या एका भागात कमी पडलं की पार्किन्सनने हात थरथरतो. बनवणाऱ्याने दोन वेगळ्या रंगांचे, वेगळ्या आकाराचे रिसेप्टर दिले असते तर खर्च कितीसा वाढला असता?

आणि थांबवणारा सिनॅप्स अजिबातच नाही. गाबा, ग्लायसिन, म्हणजे जी केमिकल पुढच्या पेशीला गप्प बस म्हणतात त्यांचा उल्लेख पुस्तिकेत एका ओळीत. त्याच्याशिवाय धनुर्वात कसा शिकवणार? टिटॅनसचं विष आणि बोट्युलिनमचं विष, ज्याचं बोटॉक्स इंजेक्शन होतं ते, दोन्ही एकाच प्रकारचं काम करतात, व्हेसिकलला पडद्याशी ओढून आणणारी प्रोटीनं कापतात. काम एक आणि पेशंट बघाल तर एकदम उलटे. बोट्युलिनम स्नायूकडे जाणाऱ्या नसेत बसतं, असिटाइलकोलीन सुटत नाही, पेशंट लुळा पडतो. टिटॅनसचं विष मज्जारज्जूपर्यंत चढून थांबवणाऱ्या पेशींमध्ये बसतं, गप्प बस म्हणणारंच कोणी राहत नाही, आणि मग जबडा आवळतो, पाठ धनुष्यासारखी वाकते, खोलीत लाइट लावला तरी झटका येतो. धनुर्वाताच्या पेशंटला अंधाऱ्या शांत खोलीत का ठेवायचं हे पोरी पाठ करतात, कारण विचारलं की छताकडे बघतात. इथे हे मॉडेल काही मदत करत नाही.

आता मुख्य तक्रार, जिच्यासाठी दीड स्टार कापलाय. मणी रिसेप्टरवर बसले, पुढे काय? मॉडेलात ते बसूनच राहतात, तास संपला की आपण वेचून डब्यात टाकायचे. शरीरात डबा वेगळा असतो. स्नायूच्या जोडावर असिटाइलकोलीनएस्टरेज नावाचं एन्झाइम फटीतच बसलेलं असतं, एकेक एन्झाइम सेकंदाला हजारो रेणू तोडतं, तुटलेलं कोलीन वरची पेशी परत आत ओढून घेते आणि नवीन माल बनवते. सिरोटोनिन, डोपामिन, नॉरॲड्रेनलिन यांच्याकडे असं फटीत बसून झटपट तोडणारं एन्झाइम नाही, त्यांना मुख्यतः पंप परत आत खेचून घेतात. डिप्रेशनच्या कितीतरी गोळ्या याच सिरोटोनिनच्या पंपाला अडवतात. (आणि पंप तर पहिल्याच गोळ्यांपासून अडतो, तरी पेशंटला बरं वाटायला काही आठवडे लागतात, हे नातेवाइकांना सांगणं नर्सचंच काम आहे, नाहीतर आठ दिवसांत गोळ्या बंद करून मोकळे होतात.) मॉडेलात ना एन्झाइम, ना पंप.

फवारणीच्या विषबाधेत होतं ते एवढंच, ऑरगॅनोफॉस्फेट (कीटकनाशकांचा एक गट) जाऊन त्या एन्झाइमला चिकटतं आणि ते बाद करतं. असिटाइलकोलीन सुटत राहतं, तुटत नाही, साठत जातं. तोंडातून फेस, डोळ्यांना पाणी, घाम, छातीत पाणी भरल्यासारखी घरघर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी मंद, अंगावरचे स्नायू उडतात आणि मग तेच स्नायू थकून पडतात, श्वासाचेसुद्धा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो ॲडमिट झाले. तेव्हा वेगवेगळी औषधं एकत्र करून मारली जात होती, सगळी याच गटातली नव्हती, पण या गटातलीही त्यात होती. आमच्या वर्गात अशा पोरी आहेत ज्यांच्या घरी दर वर्षी फवारणीचा पंप पाठीला लागतो. त्यांना हे एन्झाइम न दाखवता सिनॅप्स शिकवायचा म्हणजे काय शिकवायचं?

म्हणून आम्ही काय केलं ते सांगते, कोणाला उपयोग होईल. एम-सीलचे छोटे गोळे करून त्यांना एका बाजूला खाच पाडली, हिरवा रंग दिला, मागे फ्रिजवरचं जुनं मॅग्नेट कापून लावलं आणि फटीत खालच्या पडद्याला चिकटवले. हे एन्झाइम. मणी आला की हिरव्याच्या खाचेतून काढून बाजूला. मग त्या खाचा काळ्या चिकटपट्टीने बुजवल्या, हे विष. आता व्हेसिकल उघडत राहा, मणी साचत राहतात, बघता बघता सगळी फट लाल. एक मुलगी लगेच म्हणाली, "मॅडम, मग ॲट्रोपिन कुठं बसतं?" ॲट्रोपिन म्हणजे या विषबाधेत देतात ते औषध, आणि हाच प्रश्न पाहिजे होता. ॲट्रोपिन बसतं मस्करिनिक रिसेप्टरवर, म्हणजे लाळ, घाम, छाती, हृदय इथे. स्नायूवरच्या निकोटिनिक रिसेप्टरला ते हात लावत नाही. म्हणून ॲट्रोपिनवर छाती साफ झाली, काख कोरडी झाली, नाडी ८० च्या वर गेली तरी पेशंट सुटला असं नाही. एक ते चार दिवसांत मानेची ताकद जाऊन श्वास बंद पडू शकतो, म्हणून राउंडला जाताना पेशंटला उशीवरून डोकं उचलायला सांगायचं, उचलता येत नसेल तर डॉक्टरला ताबडतोब कळवायचं. आणि उलट्या टोकाला, ॲट्रोपिन जास्त झालं तर ताप, बडबड, पोट गप्प, लघवी अडणे. या विषबाधेतलं दुसरं औषध, पॅम म्हणजे प्रॅलिडॉक्सिम, हे आमच्या मॉडेलात चिकटपट्टी सोलून काढणारं नख आहे, पण पट्टी जुनी झाली की निघत नाही, तसंच खऱ्या एन्झाइमचंही होतं. पॅमचा प्रत्यक्षात किती फायदा होतो यावर डॉक्टर लोकांत एकमत नाही, ते मी वर्गात सांगते. आणि या सगळ्याच्या आधी, कपडे काढून अंग साबणाने धुणे, कारण विष कातडीतून आत जातच असतं. हे मॉडेलात दाखवता येत नाही, ते तोंडानेच ओरडून सांगावं लागतं.

उपसून निघणारे रिसेप्टर मात्र एका ठिकाणी फार कामाला आले, साप शिकवताना. नागाचं विष खाली बसतं, रिसेप्टरवर. रिसेप्टर चिकटपट्टीने झाकले की मणी येऊनही काही होत नाही, झालं दाखवून. मण्यारचं विष रिसेप्टरवर तर बसतंच पण वरच्या पेशीच्या टोकालाही खराब करतं, व्हेसिकलच संपून जातात, तेव्हा वरच्या सगळ्या व्हेसिकल काढून ठेवायच्या. मग निओस्टिग्मिन हे औषध नाग चावलेल्याला बऱ्याचदा उपयोगी पडतं आणि मण्यार चावलेल्याला सहसा का नाही, हे वेगळं समजवावं लागत नाही. निओस्टिग्मिन एन्झाइम अडवून असलेलं असिटाइलकोलीन वाढवतं, पण सुटायलाच काही उरलं नसेल तर वाढवणार काय? अशा पेशंटला व्हेंटिलेटरवर दिवसच्या दिवस काढावे लागतात, नसेचं टोक परत तयार होईपर्यंत. एन्झाइम अडवणारं औषध उपचार आणि एन्झाइम अडवणारं फवारणीचं औषध विष, यावर वर्गात जरा वेळ गोंधळ होतो, होऊ द्यावा. फरक डोसचा आणि किती घट्ट चिकटतं त्याचा.

विंचवासाठी वापरून बघितलं, जमलं नाही. कोकणातल्या लाल विंचवाचं विष नसांच्या टोकांकडून नॉरॲड्रेनलिनसारखी केमिकल भसाभस सोडवतं आणि मार बसतो हृदयाला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात त्यावर प्राझोसिन वापरलं, जे नॉरॲड्रेनलिनचा रिसेप्टर अडवतं. आपल्या मातीतलं इतकं सुंदर उदाहरण, पण या मॉडेलात रिसेप्टर एकाच जातीचे असल्यामुळे ते फळ्यावरच काढावं लागतं.

बाकी किरकोळ: रंग पक्का आहे, स्पिरिटने पुसलं तरी गेला नाही. मणी फार बारीक आहेत, एकदा डबा सांडला की कपाटाखाली जातात ते जातातच, आमच्या लॅबच्या मामांनी झाडू मारताना सापडलेले एका पेल्यात जमा करून ठेवलेत. बेस हलका आहे, पोरी कडेला टेकल्या की मॉडेल डुलतं, खाली दोन स्क्रू मारून फळीला पक्कं करा. मागच्या बाकांवरून व्हेसिकलच्या आतलं दिसत नाही, वर्ग मोठा असेल तर मोबाइल स्टँडला लावून प्रोजेक्टरवर टाका. पुस्तिका मराठीत नाही, आम्ही दोन पानांची स्वतः टाइप करून लॅमिनेट केली.

बजेट अगदीच नसेल तर दोनशे रुपयांचा चार्ट आणि एम-सील यावरही भागतं, हातात धरून मणी सांडायची मजा तेवढी जाते. घेणार असाल तर मॅग्नेटवालं घ्या, त्याच फोटोखाली स्वस्तातलं चिकटवलेलं पण विकतात, त्यात काहीच निघत नाही आणि ते शोपीस आहे. आणि पैसे भरायच्या आधी विक्रेत्याला विचारून घ्या की व्हेसिकल आणि मणी सुटे मिळतात का, आमच्यावाल्याने नंतर सरळ नाही सांगितलं. हो, खोकं उघडताना व्हिडिओ काढा.